बिनकामाची ओळ

८ फेब्रुवारी

दादा,

अक्षर ओळखलंस ना? नसेल ओळखलं तर पाकिटाच्या मागे बघ, तिथे ‘शेपूट’ असं लिहिलंय. ते नाव तूच ठेवलंस, तेव्हा आता नाक मुरडू नकोस. तू गेलास त्या शाळेत मी गेले, तू गेलास त्या कॉलेजात गेले, आणि आता तू जे ऑफिस सोडलंस तिथेच नोकरीला लागलेय. हे शेवटचं तुला माहीत नसेल. तुझा फोन माझ्यासाठी बंद, माझे मेल उघडतोस की नाही देव जाणे, म्हणून कागद घेतला. पत्ता तुझ्या जुन्या मित्राकडून काढला. त्याच्यावर चिडू नकोस, मी त्याचं डोकं फार खाल्लं.

लांबण लावत नाही. कामाचा प्रश्न आहे.

मला सध्या जुन्या ड्रायव्हरांच्या झाडलोटीवर बसवलंय. आईने विचारलं, “ड्रायव्हर म्हणजे तू तिथे काय चालवतेस?” मी म्हटलं, मशीनमधली ऑपरेटिंग सिस्टिम एक भाषा बोलते, तिच्या हाताखालची चिप दुसरीच बोलते, आणि मध्ये जो दुभाषी उभा असतो तो ड्रायव्हर. तो दुभाषी वर्षानुवर्षं पुटपुटत बोलत आलाय, मी त्याला स्पष्ट बोलायला शिकवते. आई म्हणाली, “म्हणजे तुझ्या दादाचंच काम की.” आणि मग उठून आत गेली.

काम तुला माहीत आहेच. मशीनची वागणूक तीच ठेवायची, फक्त पुढच्या माणसाला कोड वाचता आला पाहिजे. एका ‘जर’च्या पोटात दुसरं, त्याच्या पोटात तिसरं, ते सगळं सरळ करायचं. ‘नवा’, ‘अजून नवा’, ‘हाच खरा नवा’ असली नावं कुणी चिकटवून ठेवलीयत, ती बदलायची. नुसते आकडे दिसले की त्यांना नावं द्यायची. मला हे आवडतं. तुलाही आवडायचं, तू तर घरातल्या डब्यांवरसुद्धा चिठ्ठ्या लावायचास.

तर, अलार्मच्या चिपचा जो जुना ड्रायव्हर आहे, त्यात एक ओळ होती. चिपच्या एका कप्प्यातून, म्हणजे रजिस्टरमधून, आकडा वाचायचा आणि तो कुठेच वापरायचा नाही. ती ओळ तू काढलीस. सोबत तुझी टीप आहे: ‘बिनकामाची ओळ काढली. फक्त वाचायला सोपं. वागणुकीत बदल नाही.’

ती ओळ कशासाठी होती हे तेव्हा तुला माहीत होतं का? मला एवढंच विचारायचंय. दोन वाक्यांत उत्तर दिलंस तरी पुरे. ऑफिसच्या मेलवर दे, पत्ता खाली लिहिलाय.

आई बरी आहे. दुपारची आडवी होत नाही आणि कानात यंत्र घालते, बाकी बरी आहे.

शेपूट


२१ फेब्रुवारी

दादा,

तुझं उत्तर आलं, आणि खरोखरच दोन वाक्यांत आलं. ‘ती ओळ बिनकामाचीच होती. बाबांच्या मशीनचा आणि तिचा काही संबंध नाही.’

मी ते वाचलं आणि खुर्चीतून उठून उभीच राहिले. कशाला उठले, सांगता येणार नाही. शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, “काय गं, काय झालं?” मी म्हटलं मुंगी चावली. दादा, मी बाबांचं नाव काढलं नव्हतं. माझ्या पत्राची प्रत माझ्याकडे नाही, पण तुझ्याकडे पत्रच आहे. काढून बघ. बाबा त्यात कुठेही नाहीत.

तू म्हणशील, ड्रायव्हर त्या मशीनचा, मग बाबा आठवणारच. मीही दोन दिवस स्वतःला हेच समजावतेय. तसंच असेल. तसंच असू दे.

आता मी काय लपवलं ते ऐक. तुला विचारण्याआधी मला निम्मं कळलेलं होतं. झालं असं की मी त्या फाइलीतल्या आकड्यांना नावं देत होते. एका आकड्याला काय नाव द्यावं कळेना, म्हणून चिपबरोबर येणारी माहितीपुस्तिका उघडली. त्या रजिस्टरच्या ओळीत अगदी कडेला, मुंगीच्या अक्षरात लिहिलंय: ‘वाचल्यावर पुसलं जातं.’ मग ते रजिस्टर कोड कुठे वाचतो ते शोधलं. अलार्म वाजवणाऱ्या भागात कुठेच वाचत नाही. पूर्वी वाचत होता. तू ती ओळ काढेपर्यंत.

हे तुला मी काय सांगायचं! पण आईला सांगावं लागणार आहे, म्हणून इथे तालीम करते. चुकलं तर तुझ्या सवयीप्रमाणे लाल पेनने दुरुस्त कर.

आई, समज बाबांच्या त्या श्वासाच्या मशीनमध्ये एक माणूस बसलाय. नळी वाकली, सुटली, हवा पोचेना, की तो ओरडतो. पण तो मानी आहे. एकदा ओरडला की समोरून ‘ऐकलं’ असं कुणीतरी म्हणेपर्यंत तो दुसऱ्यांदा तोंड उघडत नाही. ती बिनकामाची दिसणारी ओळ त्याला ‘ऐकलं’ म्हणत होती. वाचलेला आकडा कुणाला नको होता, वाचणं हेच काम होतं. ती ओळ गेल्यापासून तो पहिल्यांदा ओरडतो आणि मग गप्प बसतो. मशीन बंद करून परत चालू केली तर त्याचा रुसवा जातो. किंवा आवाज बंद करायचं बटण दाबलं तर जातो, कारण त्या बटणाच्या कोडमध्ये ‘ऐकलं’ म्हणणारी वेगळी ओळ आहे.

आमच्या टेस्टिंगच्या काकू आहेत, त्यांच्याकडे मी एक जुनी मशीन मागितली. त्या म्हणाल्या, “प्रत्येक वेळी बंद करून चालू करायची हं, तशीच पद्धत आहे.” मी म्हटलं, आज नको करूया. “मग ती टेस्ट कसली?” तरी त्यांनी ऐकलं. मी नळी चिमटीत धरली. लगेच वाजलं. सोडली, थांबलं. पुन्हा धरली.

दादा, काही नाही. पंख्याची घरघर तेवढी. पडद्यावरचा आकडा खाली खाली जात शून्यावर आला आणि खोलीत चिडीचूप. काकू म्हणाल्या, “नीट धरली नसशील.” मी दोन्ही हातांनी आवळून धरली. मग त्यांनी मशीनच्या बाजूला थाप मारली, जुन्या रेडिओला मारतात तशी. मग त्यांचा हात तसाच मशीनवर राहिला. त्या माझ्याकडे बघेनात आणि मी त्यांच्याकडे. शेवटी मी आवाज बंद करायचं बटण दाबलं आणि नळी परत आवळली. या वेळी इतक्या जोरात वाजलं की मी किंचाळले.

कळला ना माझा रोख?

बाबा गेले त्या दिवशी सकाळी वाजलं होतं. उशीखाली नळी दुमडली होती, आई धावली, नळी सरळ केली, वाजायचं थांबलं. दुपारी आई त्याच खोलीत खिडकीशी उजेडाला बसून बाबांच्या शर्टाचं बटण शिवत होती. बाबांचं तोंड भिंतीकडे होतं आणि नळी पुन्हा दुमडली ती त्या बाजूला. ते झोपलेत असं तिला वाटलं. ती पहिल्यापासून हेच सांगत आली: सकाळी वाजलं, दुपारी वाजलंच नाही. आणि तू दारात उभा राहून काय म्हणालास? “सकाळी वाजलं म्हणजे अलार्म चालू होता. मशीन खोटं बोलत नाही, आई. माणसाला झोप लागते.”

ती म्हणाली, “अरे, मी बटण शिवत होते.” तू म्हणालास, “कबूल कर, आई. लागली झोप.” आणि ती म्हणाली, “लागली असेल बाबा.” ती असं का म्हणाली, तुला कधी वाटलं विचारावंसं? मशीन तुझी, शिक्षण तुझं, तिच्याकडे काय होतं? एक सुई.

ते बटण पक्कं शिवलेलं होतं. शेवटी गाठही मारलेली होती. मी नंतर बघितलंय. झोपेत कुणी गाठ मारतं का रे?

तू गेलास आणि तिने स्वतःवर खटला चालवला. झोप लागली नव्हती हे तिला आतून माहीत होतं, मग राहिला बहिरेपणा. कानाच्या डॉक्टरकडे गेली. ते म्हणाले कान ठणठणीत आहेत. दुसऱ्या डॉक्टरकडे गेली. त्याने तेच सांगितलं. तरी हट्टाने यंत्र आणलं. बसमधला गोंगाट, भांड्यांचे आवाज, सगळं तिच्या डोक्यात घण घातल्यासारखं वाजतं आणि ती ते काढत नाही. दुपारी खुर्चीत ताठ बसून असते. कुणी म्हटलं जरा पड, की म्हणते, “नको, एकदा लागली ती झोप पुरे झाली.” सहा वर्षं, दादा.

आणि बटणांना हात लावू नकोस, बिघडवशील, असं तिला बजावून सांगणारं कोण होतं? हे मी चिडून लिहीत नाहीये. चिडायला अजून सुचतच नाहीये.

तुला माहीत नव्हतं, हे मला दिसतंय. ती ओळ मला दिसली असती तर मीही काढली असती, आणि वर स्वतःची पाठ थोपटून घेतली असती. शेजारी एका शब्दाचा खुलासा नव्हता. तू मुद्दाम काही केलं नाहीस. फक्त आता ये. हे तिला तू सांग. मी सांगितलं तर ती म्हणेल, तू माझी समजूत काढतेस. तू दाराशी उभा राहून म्हणालास की ‘आई, तू जागी होतीस’, तर तिला पटेल.

मेल कर, फोन कर, काहीही कर. मी वाट बघते.

शेपूट


२६ फेब्रुवारी

दादा,

आज ‘दादा’ लिहायलाही जड गेलं.

जुन्या मॉडेलमध्ये ही चूक आहे, मग नव्यातही असणार, म्हणून आज मी नव्या मॉडेलचा कोड उघडला. घाईघाईने उघडला, कारण नव्या मशिनी हजारो घरांत आहेत. आणि तिथे ती ओळ आहे. अलार्मच्या भागात, बरोबर जिथे हवी तिथे. मला हायसं वाटलं. मी मनात म्हटलंसुद्धा, कुणी का असेना, देव भलं करो त्याचं.

मग कुणी घातली ते बघितलं.

तू घातलीस. बाबा गेल्यानंतर, तुझ्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी. तोच शेवटचा बदल, त्यानंतर तुझं नाव कुठेच नाही. आणि सोबतची टीप: ‘छोटी साफसफाई. फक्त वाचायला सोपं. वागणुकीत बदल नाही.’

मी खाली जिन्यात जाऊन बसले. जिन्यातून जाणारा येणारा मला वळसा घालून जात होता. रखवालदाराने पाणी आणून दिलं, ते मी हातात धरून बसले आणि प्यायचं विसरले. तेच वाक्य, दादा! शब्दाला शब्द. पहिल्यांदा लिहिलंस तेव्हा तुला ते खरं वाटत होतं. दुसऱ्यांदा लिहिलंस तेव्हा ते खोटं आहे हे अख्ख्या जगात तुला एकट्याला माहीत होतं.

म्हणजे तुला कळलं होतं. तूही कुठल्यातरी खोलीत जाऊन नळी दोनदा चिमटलीस. माझ्यासारखाच उभा राहिलास. आणि मग घरी यायच्या ऐवजी नव्या मशीनमध्ये गुपचूप ओळ घातलीस, जुन्याला हात लावला नाहीस, आणि निघून गेलास. जुना कोड गोठवलेला होता, मला माहीत आहे. तिथे बदल करायचा तर तेव्हाच्या साहेबांना कारण द्यावं लागलं असतं. ते कारण तुला लिहवलं नाही. जुन्या मशिनी तेव्हा मोडीत निघत होत्या, असंही तू स्वतःला सांगितलं असशील. त्यातल्या कित्येक दुरुस्त होऊन पुन्हा घरोघरी गेल्यात. म्हणून तर मला त्या कोडच्या झाडलोटीला बसवलंय.

आम्हाला काय वाटत होतं सांगू? तू आईवर रागावून गेलास असं वाटत होतं. आईला वाटतं की तू तिला माफ केलं नाहीस. ती तुझ्या वाढदिवसाला मेसेज करते आणि दिवसभर फोन पालथा घालून ठेवते, उत्तर आलं नाही हे दिसू नये म्हणून. आणि तू तिकडे बसून हे जाणत होतास की ती जागी होती?

मला विश्वास ठेवता येत नाही. मी तारीख पुन्हा पुन्हा बघून आले. दुसऱ्या कुणी तुझ्या नावाने बदल घातला असेल का तेही तपासलं. मला इतकी वेडी आशा लागली होती.

माझ्या पत्रातली ‘तुला माहीत नव्हतं’ ही ओळ खोडून टाक. मी ती परत घेते.


४ मार्च

दादा,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे. ऑफिसात काय झालं ते सांगते, तुझ्या नावाशी संबंध आहे म्हणून.

मी साहेबांकडे गेले. तू असताना हे नव्हते, हे नंतरचे. स्वभावाने शांत, चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारे. मी नळी, ओळ, ‘वाचल्यावर पुसलं जातं’, सगळं सांगितलं. ते म्हणाले, “मी जरा खाली बसू का?” ते बसलेलेच होते, दादा. मग त्यांना टेस्टिंगच्या खोलीत नेलं. काकूंनी करून दाखवलं. साहेबांनी स्वतः नळी धरली, सोडली, धरली. बाहेर आल्यावर एका तासात त्यांनी सगळी माणसं गोळा केली.

आता ज्यांच्या घरी जुनी मशीन आहे त्या प्रत्येक घरी फोन जातोय. नवा कोड पोचेपर्यंत अलार्म वाजून थांबला की बटण दाबा, असं सांगतोय. मीही फोन करायला बसते. लोक विचारतात, “म्हणजे आतापर्यंत वाजत नव्हतं?” मी म्हणते, दुसऱ्यांदा वाजत नव्हतं. एक बाई म्हणाल्या, “थांबा, मी आधी त्यांना बघून येते,” आणि फोन तसाच ठेवून धावल्या. मला त्यांच्या चपलांचा आवाज ऐकू येत होता. त्या परत येईपर्यंत मी फोन कानाला लावून बसले. सगळं ठीक होतं.

दुरुस्तीचा पॅच मी लिहिला. एक ओळ, जी तू काढलीस तीच. तिच्या डोक्यावर चार ओळींचा खुलासा, कुठल्याही शहाण्याला ती पुन्हा बिनकामाची वाटू नये म्हणून. मग आला कारणाचा प्रश्न. साहेब म्हणाले, “काय लिहायचं?” मी म्हटलं, खरं काय ते लिहायचं. ‘आधीच्या साफसफाईत ही ओळ काढल्यामुळे दुसरा अलार्म वाजत नाही.’ ती साफसफाई कुणाची हे कुणालाही एका क्लिकवर दिसतं. मी तुझं नाव लिहिलं नाही आणि लपवलंही नाही.

साहेब म्हणाले, “यामुळे कुणाला काही झाल्याचं आपल्याला माहीत आहे का?”

मी म्हटलं, “हो. एका घरी.”

“कुणाच्या?”

“आमच्या.”

त्यांनी कपाळावरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला. माझ्या ओळखपत्रावरचं आडनाव बघून कोडमधलं तुझं नाव त्यांना आठवलं असावं असं मला त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं. मला जेवायला पाठवलं. मी गेले, ताट घेऊन बसले आणि तसंच परत ठेवून आले.

आईला अजून सांगितलेलं नाही. तिला कशाची तरी कुणकुण लागलीय. “तुला कुणी काही बोललं का ऑफिसात?” असं रोज विचारते. काल म्हणाली, “तू त्याला पत्रं लिहितेस ना? पाकिटं बघितली मी. काय लिहितेस?” मी म्हटलं, कामाचं. “मग माझं काही लिहू नकोस. म्हणजे, बरी आहे एवढं लिही.”

हे शेवटचं विचारते. तू येऊन सांगतोस का? रविवारपर्यंत थांबते. त्यापुढे मला जमणार नाही. ती ताठ बसलेली दिसली की मला त्या खोलीत उभं राहवत नाही.

शेपूट


११ मार्च

दादा,

रविवार आला आणि गेला. तू आला नाहीस. सोमवारी सकाळी मी आईला सांगितलं.

ती इस्त्री करत होती. मी म्हटलं, आई, इस्त्री बंद कर, तुला एक सांगायचंय. तिने आधी विचारलं, “तो बरा आहे ना?” पहिला प्रश्न तुझा. मी म्हटलं, तो बरा आहे. मग मी तालीम केली होती तसं सांगायला लागले. मशीनमधला माणूस, तो मानी आहे, ‘ऐकलं’ म्हटल्याशिवाय परत ओरडत नाही. ती माझ्याकडे बघत होती. माझं सांगून झालं तरी बघतच होती.

“परत सांग,” म्हणाली.

मी परत सांगितलं. सकाळी वाजलं म्हणूनच दुपारी वाजलं नाही, इथपर्यंत आले आणि तिने माझा हात धरला. इतका घट्ट की तिच्या बांगडीचा वळ उठला.

“म्हणजे मी जागी होते.”

“हो, आई.”

“मी झोपले नव्हते.”

“नव्हतीस.”

“मी सांगत होते ना गं. मी तेव्हाच सांगत होते.” तिचा आवाज चढला. तिचा चढलेला आवाज मी इतक्या वर्षांत ऐकला नव्हता. “मी बटण शिवत होते! दोरा संपला म्हणून दुसरा ओवला मी! झोपलेलं माणूस दोरा ओवतं का?” ती उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. भिंतीला हात टेकून उभी राहिली आणि म्हणाली, “अगं, मग मी इतकी वर्षं काय करत होते?” याचं उत्तर तुझ्याकडे असेल तर कळव.

मग ती खुर्चीवर बसली आणि शांतपणे म्हणाली, “ती ओळ कुणी काढली?”

मी म्हटलं, “होतं कुणीतरी. जुना माणूस.”

“त्यानेच ना?”

मी इस्त्रीची वायर गुंडाळायला लागले.

“दुसरा कुणी असता तर तू त्याचा उद्धार केला असतास एव्हाना.” आईला शेंडी लावायची म्हणजे आपल्यासारख्यांचं काम नाही, हे तुला माहीत आहेच. मी मान हलवली. मी म्हटलं, “मुद्दाम नाही काढली. बिनकामाची वाटली त्याला. कुणालाही वाटली असती.” ती मान डोलवत राहिली. “हो. त्याला पसारा चालत नाही,” म्हणाली. आणि मग जे मी पंधरा दिवस टाळत होते ते तिने विचारलं.

“त्याला हे कधी कळलं?”

दादा, मी तुला कसं सांगू तो क्षण. ती सहा वर्षांनी निर्दोष सुटून माझ्यासमोर बसली होती. चेहऱ्यावर रंग आला होता. अजून तिला ते पुरतं खरंही वाटत नव्हतं. आणि मला खरं बोलायचं तर एकच वाक्य बोलायचं होतं: त्याला तेव्हाच कळलं, आई, आणि त्याने तुला तसंच ठेवलं.

मी म्हटलं, “आत्ता. माझ्या पत्रामुळे.”

इतकं सहज निघालं तोंडातून. ऑफिसात साहेबांसमोर ‘खरं काय ते लिहायचं’ म्हणून ताठ मानेने उभी राहिलेली मी. दोन दिवस झाले, माझाच माझ्यावर विश्वास बसत नाहीये. हे मी तुझ्यासाठी केलं असं समजू नकोस. तुझी मला अजिबात दया येत नाही, निदान अजून तरी येत नाही. तिच्या हातात मी एका हाताने जे ठेवलं ते दुसऱ्या हाताने काढून घेणं मला जमलं नाही, इतकंच.

आणि मग ती रडली. स्वतःसाठी नाही रडली, दादा. तुझ्यासाठी रडली. “अगं, कसं झालं असेल त्याला ते वाचून. तिकडे जवळ कुणी आहे का त्याच्या? जेवला तरी असेल का? असं पत्रातून कळवतात का गं?” मला ओरडा पडला. मीच निर्दयी ठरले. मी खाली मान घालून ऐकून घेतला.

तेव्हापासून ती तुझ्यामागे आहे. फोनवर काय बोलायचं ते इस्त्री करताना, भांडी घासताना, जिना उतरताना स्वतःशी म्हणत असते. मला खोलीतून ऐकू येतं. हे पत्र तुझ्यापर्यंत आधी पोचावं म्हणून मी तिला कसंबसं थोपवलंय. पुढच्या रविवारी सकाळी ती तुला फोन करणार आहे, माझ्या नाही, तिच्या फोनवरून. तिचा नंबर तू बंद केलेला नाहीस एवढं मला माहीत आहे, फक्त उचलत नाहीस.

तिला खरं सांगायचं की माझं खोटं पुढे चालवायचं, ते तुझं तू बघ. मी काही पढवत नाही. पण ती काय म्हणणार आहे ते तुला आधी कळलेलं बरं. तिने पाठ केलंय. ती म्हणणार आहे, “रडू नकोस रे बाळा. तुला कुठे माहीत होतं.”

ते तू तिच्या तोंडून ऐक. फोन उचल.

शेपूट